सरंजाम, सनद आणि सार्वभौमत्व : एक प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय राजकारण, आंतरराष्ट्रीय कायदा आणि राजकीय सिद्धान्त हे तीन विषय आपल्याकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणी शिकवले जातात. पहिला आणि तिसरा राज्यशास्त्र विभागात, पण निराळ्या पेपरांत आणि बहुधा निराळ्या सत्रांत. दुसरा विधी महाविद्यालयात, इतर डझनभर विषयांच्या गर्दीत. एम. ए.चा विद्यार्थी हॉब्जचा सार्वभौम वाचतो, त्यावर पंधरा गुणांचे उत्तर लिहितो, पण सार्वभौमत्वाचा प्रश्न प्रत्यक्ष सोडवणारे एकही निकालपत्र दोन वर्षांत त्याच्या हाती पडत नाही. एलएल. बी.चा विद्यार्थी खटल्यांची नावे घडाघडा सांगतो, पण त्या खटल्यांमागे कोणते राजकारण शिजत होते हे त्याला कुणी सांगितलेले नसते. या पुस्तकाची कल्पना संपादकांनी माझ्यापुढे मांडली तेव्हा मी लगेच होकार दिला, कारण हे तिन्ही विषय एकत्र वाचावेत असे मी वर्गात आयुष्यभर सांगत आलो आहे. कोण कुणावर कोणत्या अधिकाराने हुकूम चालवतो, आणि बाकीचे तो अधिकार का मानतात, हा एकच प्रश्न तिन्ही विषय विचारतात. राजकारण त्यातली ताकद पाहते, कायदा त्यातला हक्क पाहतो आणि सिद्धान्त त्या हक्काचे समर्थन तपासतो. यातले एक काढून घेतले की उरलेली दोन लंगडी पडतात.

हे नुसते विधान म्हणून सोडून देणे बरोबर नाही. म्हणून एका खटल्याच्या आधारे ते दाखवतो. हा खटला जगभरच्या विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय कायदा शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाचावा लागतो. त्यातली मूळ कागदपत्रे पेशवाईची आहेत, हे मात्र आपल्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

दमण किनाऱ्यावर आहे. दादरा आणि नगर हवेली तिथून आत, जमिनीच्या पोटात. १९५४ मध्ये ही तिन्ही ठिकाणे पोर्तुगालच्या ताब्यात होती, आणि दमणहून आतल्या दोन प्रदेशांत जायचे तर तेव्हाच्या मुंबई राज्याचा, म्हणजे भारताचा मुलूख ओलांडावा लागे. त्या वर्षी २१ आणि २२ जुलैच्या सुमारास युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा घेतले. ऑगस्टच्या सुरुवातीला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी नगर हवेलीतले सिल्वासा गाठले. संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात होते, हे आपल्याकडच्या अनेकांना माहीत असते. पण पुढे काय झाले, ते फारसे कुणी सांगत नाही. भारताने पोर्तुगालच्या अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना आपल्या हद्दीतून जायला मनाई केली. पोर्तुगालला आपला गेलेला मुलूख परत मिळवता येईना, आणि पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला.

दावा कसा लावला, हेच पहिले राजकारण. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र सक्तीचे म्हणून मान्य केले, आणि २२ डिसेंबरला दावा दाखल झाला. भारताने असे अधिकारक्षेत्र ब्रिटिश काळातच, १९४० मध्ये मान्य केलेले होते. पोर्तुगालने ते मान्य केल्याचे रीतसर कळण्याआधीच भारत प्रतिवादी झाला होता. भारताने हरकत घेतली, पण न्यायालयाने ती १९५७ मध्ये फेटाळली. तीन दिवसांची ही चाल प्रत्येक विद्यार्थ्याने तारखांसह लक्षात ठेवावी. न्यायालयाचा दरवाजा उघडा ठेवणे हा एखाद्या राष्ट्राचा कायद्यावरचा विश्वास असतो, आणि त्याच दरवाजातून प्रतिपक्ष कधी आत शिरेल याचा हिशेब ठेवणे हे परराष्ट्र खात्याचे काम असते. पुढे भारताने आपल्या संमतीला बऱ्याच अटी जोडल्या. आज भारत हेगच्या न्यायालयाकडे कसा पाहतो हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या डिसेंबरपासून करावी लागते.

आता मूळ प्रश्न. पोर्तुगालचा या गावांवर हक्क आला कुठून? पोर्तुगालने पुढे केला तो १७७९ च्या डिसेंबरात मराठ्यांशी झालेला पुण्याचा तह. इंग्रजांशी पहिले युद्ध चालू होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वडगावला इंग्रज फौजेला शरण यावे लागले होते. सवाई माधवराव लहान होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता, आणि अशा वेळी पोर्तुगीज इंग्रजांच्या बाजूला जाऊ नयेत ही पुणे दरबाराची गरज होती. तहातल्या एका कलमाने पोर्तुगीजांना दमणलगतच्या गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल द्यायचे ठरले, आणि त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. पोर्तुगाल म्हणाला, हा मुलूख आम्हाला सार्वभौमत्वासह मिळाला. भारत म्हणाला, मुळात तह रीतसर झालेलाच नाही, आणि झाला असला तरी त्यातून मिळाला तो केवळ वसुलीचा हक्क.

हा भाग मी वर्गात नेहमी अगदी सावकाश घेत असे. एका वर्षी मागच्या बाकावर एक मुलगी होती. तिच्या घरी इनामाची जुनी कागदपत्रे होती आणि आजोबांनी कधीतरी ती तिला उलगडून दाखवली होती. मी फळ्यावर सरंजाम हा शब्द लिहिला आणि विचारले, सरंजामदार त्या गावाचा राजा असतो का? वर्गात काही हात वर झाले, बहुतेक होकाराचे. ती म्हणाली, नाही सर, सरंजाम म्हणजे उत्पन्न. गाव सरकारचे, वसूल त्याचा, आणि सरकारच्या मनात आले तर तो काढूनही घेता येतो. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात जे म्हटले ते तिच्या उत्तराच्या फार जवळचे आहे. सनदांच्या भाषेवरून पोर्तुगीजांना मिळाली ती जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे वसुलीचा हक्क. भूमीचे सार्वभौमत्व नव्हे. मराठ्यांनी दुसऱ्या तहांत जिथे मुलूख खरोखर देऊन टाकला होता, तिथे तो कायमचा दिल्याचे स्पष्ट लिहिले होते. इथे तसे लिहिलेले नव्हते. हेगमधल्या न्यायमूर्तींनी मराठ्यांच्या दप्तरातल्या शब्दांचा अर्थ मराठ्यांच्याच दुसऱ्या कागदांवरून लावला.

पण निकाल इथेच थांबला असता तर भारत पूर्ण जिंकला असता, आणि खटला इतका शिकवला गेला नसता. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि भोवतालचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्यांना त्या गावांत पोर्तुगीज पूर्ण कारभार करताना दिसले. इंग्रजांनी त्यांना हटकले नाही, पुढे स्वतंत्र भारतानेही बराच काळ हटकले नाही. त्या दीर्घ मौनातून पोर्तुगालचे सार्वभौमत्व मान्य झाल्यासारखे झाले, असे न्यायालयाने धरले. वसुलीचा हक्क दीडशे वर्षांत राज्य होऊन बसला, आणि तो बसवण्यासाठी नवा करार लागला नाही. गप्प बसणे पुरले. राजकीय सिद्धान्ताचा विद्यार्थी लॉकची मूक संमतीची कल्पना वाचतो, तेव्हा ती त्याला पुस्तकी वाटते. इथे ती नकाशावर उतरलेली दिसते. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, तो टाळता येत नाही : गप्प कोण बसले होते? इंग्रजांचे सरकार आणि पुढे स्वतंत्र भारत. त्या गावांतल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांचे काय? पोर्तुगाल आणि भारत यांच्या या दाव्यात त्यांना पक्ष म्हणून जागा नव्हती.

न्यायालयापुढे अखेर प्रश्न उरला जाण्यायेण्याचा. सव्वाशे वर्षांचा व्यवहार तपासून न्यायालयाने म्हटले की खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना भारतीय हद्दीतून जाऊ देण्याची प्रथा दोन राज्यांत इतकी नियमित पाळली गेली, की १९५४ पर्यंत तिचा हक्क झाला होता. याच्या बाजूने ११ न्यायमूर्ती, विरुद्ध ४. फक्त दोन राज्यांच्या आपापसातल्या वहिवाटीतून कायदा निर्माण होऊ शकतो, हे तत्त्व या निकालाने पक्के केले, आणि जगभर हा खटला शिकवला जातो तो मुख्यतः या तत्त्वासाठी. सशस्त्र फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्याबाबतीत मात्र असा हक्क नव्हता : ८ विरुद्ध ७. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहातच एकाची फौज दुसऱ्याच्या हद्दीत एरवी शिरणार नाही असे ठरलेले होते, आणि प्रत्यक्षातही प्रत्येक वेळी परवानगी घेतली जात होती. परवानगी मागावी लागते तिथे हक्क नसतो, हा साधा तर्क. आणि शेवटी, जुलै १९५४ मध्ये भारताने वाट बंद केली ती भोवतालच्या तणावामुळे, नियमन करण्याच्या त्याच्या अधिकारातच. म्हणून भारताने कर्तव्यभंग केलेला नाही : ९ विरुद्ध ६.

आठ विरुद्ध सात हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर हातात बंदूक घेतलेल्या सैनिकाला दुसऱ्या देशाच्या शेतांतून चालत जाण्याचा हक्क आहे असे जगातल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले असते. जो विद्यार्थी म्हणतो की आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे बलवानांची सोय, त्याने हा निकाल वाचावा. नाटोचा सदस्य असलेला देश इथे सैनिकांच्या वाटेसाठी हरला. आणि जो म्हणतो की कायदा राजकारणापलीकडचा असतो, त्यानेही वाचावा, कारण त्या पंधरा मतांत वसाहतींचा सगळा प्रश्न दडलेला आहे. भारताच्या वतीने नेमलेले तात्पुरते न्यायमूर्ती म. क. छगला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश, यांनी भिन्नमतपत्र लिहिले. पोर्तुगालने नेमलेल्या न्यायमूर्तींनीही लिहिले, उलट बाजूने. अर्जेंटिनाचे न्यायमूर्ती मोरेनो किंताना यांचे भिन्नमतपत्र तर राजकीय सिद्धान्ताच्या वर्गात स्वतंत्र वाचावे असे आहे. वसाहतवादाचा अंत हा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा हेतू असताना जुन्या वसाहतीची वाट आपण जपायची का, हा मुद्दा त्यांनी उघडपणे घेतला.

निकालानंतर आठच महिन्यांनी, १४ डिसेंबर १९६० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याविषयीचा ठराव क्रमांक १५१४ केला. त्याच वर्षी आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले होते. आणखी एका वर्षाने, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य गोव्यात गेले. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी युद्धबंदी आणि माघारीचा ठराव आणला. त्याला सात मते मिळाली, चार विरुद्ध, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. भारताची भूमिका होती की गोवा ही परकी भूमी नाही, वसाहत आहे, आणि वसाहत मोकळी करणे म्हणजे आक्रमण नव्हे. टीकाकारांनी सनदेतले बळाच्या वापरावरचे बंधन दाखवले. दोन्ही युक्तिवाद कायद्याच्याच भाषेत झाले. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने, तेही लिस्बनमधली हुकूमशाही उलथल्यावर. दादरा नगर हवेली १९६१ च्या ऑगस्टमध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने भारतात आली होती. त्याआधीची सात वर्षे तिथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता. ना पोर्तुगाल, ना कायद्याने भारत. राज्य म्हणजे काय, हा प्रश्न परीक्षेत विचारण्याआधी प्राध्यापकांनी या सात वर्षांवर एक तास खर्च करावा.

हे तिन्ही विषय फुटले कसे, हेही सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला स्थापन झाले. महायुद्धात लाखो तरुण मेले होते, तसे पुन्हा होऊ नये म्हणून हा विषय शिकवायचा होता. त्याच अध्यासनावर बसून ई. एच. कार यांनी १९३९ मध्ये त्या आशावादाची कठोर चिकित्सा केली. सत्तेच्या राजकारणाचे प्रवक्ते म्हणून ज्यांचे नाव आपल्या प्रत्येक गाईडमध्ये असते ते हान्स मॉर्गेन्थाऊ मुळात कायद्याचे अभ्यासक होते. न्यायालयाने राष्ट्रांचे कोणते तंटे सोडवावेत आणि कोणते त्याच्या आवाक्याबाहेर आहेत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आपण त्यांच्या वास्तववादाची सहा तत्त्वे पाठ करतो आणि ती ज्या प्रश्नातून आली तो सोडून देतो.

आपल्या भाषेतही या विचाराची शिदोरी आहे, आणि ती केवळ अभिमानासाठी उघडायची नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयीचा, म्हणजे युरोपीयांविषयीचा, मजकूर आहे. हे लोक व्यापारी दिसतात, पण प्रत्येकामागे त्याचा राजा आहे. म्हणून त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, दिलीच तर कोट बांधू देऊ नये, असा त्याचा आशय. कंपनी आणि राज्य यांच्यातली रेघ कुठे ओढायची हा आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातला जिवंत प्रश्न अठराव्या शतकाच्या आरंभी मराठीत मांडला गेला. कौटिल्याचे मंडल आणि षाड्गुण्य वाचायचे तर मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ दरम्यान तीन भागांत प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची आवृत्ती आहे. जगभरचे अभ्यासक ती वापरतात. आणि मद्रास विद्यापीठात शिकवलेल्या चार्ल्स अलेक्झांड्रोविच यांनी १९६७ च्या ग्रंथात दाखवले की युरोपीय व्यापारी पूर्वेत आले तेव्हा इथे तहांचे, वकिलातींचे, समुद्रव्यवहाराचे नियम आधीच नांदत होते. कायदा युरोपात जन्मला आणि जहाजातून इकडे आला, ही समजूत आपल्या क्रमिक पुस्तकांत अजून घर करून आहे. ती जायला हवी.

सावरकरांची मार्सेयची उडी महाराष्ट्रातल्या पोरासोरांना ठाऊक असते. त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापुढे झालेला तंटा आणि २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा मात्र किती जणांनी वाचला असेल? पाच लवादांनी म्हटले की फ्रेंच भूमीवर त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली करण्यात अनियमितता झाली. पण परक्या देशाच्या शिपायाच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. ज्या माणसाच्या आयुष्याचा निवाडा चालला होता तो त्या प्रकरणात पक्ष नव्हता. पक्ष होती ती दोन राज्ये. सावरकरांविषयी कुणाचे मत काहीही असो, व्यक्ती आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांच्या नात्यावर शिकवायला यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही. दादऱ्याच्या वारल्यांचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे. आपला विद्यार्थी सुरक्षा परिषदेचे स्थायी सदस्य, आमसभेच्या समित्या, अमुक कराराचे साल असे सगळे पाठ करतो, कारण प्रश्नपत्रिका तेच विचारते, आणि स्पर्धा परीक्षेतही ते उपयोगी पडते. त्याच्यावर माझा राग नाही. नोकरीची निकड खरी असते, विशेषतः गावाहून आलेल्या मुलामुलींची. पण पाठांतराने हे विषय हाती लागत नाहीत. एक निकालपत्र, एक भिन्नमतपत्र आणि एक मूळ ग्रंथ एवढे एका सत्रात नीट वाचले, त्यावर वर्गात भांडण झाले, आणि भांडणाअंती स्वतःचे मत चार पानांत लिहिता आले, तर त्या सत्राचे सार्थक झाले असे मी मानतो. इंग्रजीची धास्ती हे मोठे कारण सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. या पुस्तकात मूळ उतारे मराठीत दिले आहेत ते त्यासाठीच. तरी पुस्तक वाचून झाल्यावर इंग्रजी निकालपत्राकडे जायचे टाळू नका. खटल्यांची इंग्रजी कवितेइतकी अवघड नसते. तिची वाक्ये लांब असतात, पण शब्द तेच तेच येतात, आणि पहिली वीस पाने ओलांडली की ती वाचता येते. आमच्या मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांनी हे करून दाखवले आहे.

प्राध्यापकांना एक विनंती. राज्यशास्त्र विभाग आणि विधी महाविद्यालय अनेक ठिकाणी एकाच आवारात असतात. वर्षातून एकदा दोन्हीकडचे विद्यार्थी एका वर्गात बसवून एकच खटला शिकवा. त्यासाठी विद्यापीठाची मंजुरी लागत नाही, अभ्यासमंडळाची बैठक लागत नाही.

आणि वाचकांना. दादरा नगर हवेलीचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, समोरासमोरच्या पानांवर इंग्रजी आणि फ्रेंच. न्यायमूर्ती छगला आणि मोरेनो किंताना यांची भिन्नमतपत्रेही त्यासोबतच आहेत. पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढे वाचून घ्या, आणि आठ विरुद्ध सातमध्ये तुमचे मत कुठे पडले असते ते कारणांसह लिहून ठेवा.